हेतू पाहावा

बेसबॉलमध्ये चोरी कायदेशीर आहे. पिचरचं लक्ष बॅटरकडे आहे असं पाहून पहिल्या बेसवरचा रनर दुसरा बेस पळवतो, त्याची रीतसर नोंद होते, आणि आकडा मोठा झाला की कौतुकही. मात्र या चोराला चकवायला पिचर गेला, की कायदा त्याचीच मानगूट धरतो. बॅटरला त्याने हवं तसं फसवावं; त्याचेच तर त्याला डॉलर मिळतात. पण बेसवर कुणी उभं असताना गुडघा नको तेव्हा हलला, की अंपायर ओरडलाच, 'बॉक!' मग बेसवरचे सगळे आरामात एकेक बेस पुढे.

नियमपुस्तकात बॉकचे तेरा प्रकार आहेत. चेंडू टाकायला सुरुवात करून न टाकणं, पहिल्या बेसकडे फेकल्याचं नुसतं सोंग करणं, पायाखालच्या रबरी पट्टीवर असताना हातातून चेंडू निसटणं... सत्यनारायणाला बसलेल्या यजमानासारखी गत. एकदा संकल्प सोडला की नाक खाजवायची सोय नाही. फेकण्यापूर्वी क्षणभर थांबायचं असतं. हे थांबणं 'स्पष्ट दिसेल असं' हवं, एवढी भर 1988 साली घातली आणि आदल्या मोसमात 356 असलेले बॉक 924 वर गेले. पिचर काही एका हिवाळ्यात लबाड झाले नव्हते. अंपायर डोळे फाडून बघायला लागले, इतकंच.

मला सगळ्यात आवडते ती या नियमाखालची टीप. अंपायरला शंका आली, तर पिचरचा हेतू पाहावा म्हणे. आता हेतू बघायचा कुठे? खांद्यात की टाचेत?

1961 च्या ऑल-स्टार सामन्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बदनाम वाऱ्यात, स्टू मिलर हा सडपातळ पिचर जागच्या जागी डुलला. हेतू असलाच तर वाऱ्याचा होता. बॉक मिलरच्या नावावर लागला. (वाऱ्याने त्याला उचलून नेलं, ही पुढे लोकांनी घातलेली भर.) सामना मात्र त्याच्याच संघाने जिंकला.

मायामीचा पिचर रिचर्ड ब्लायर याने तोवरच्या अख्ख्या कारकिर्दीत एकही बॉक केला नव्हता. 2022 मध्ये एकाच बॅटरसमोर त्याचे तीन झाले, आणि पहिल्या बेसवरचा रनर कुणी चेंडू न टोलवता घरी पोचला. वाद घातला म्हणून ब्लायरला बाहेरची वाट दाखवली गेली.

पिचर केनली जान्सनचं प्रकरण सगळ्यांत बेरकी. 2019 मध्ये दोन बाद असताना कोणता चेंडू टाकायचा हे पिचरला सांगणाऱ्या कॅचरच्या खुणा दुसऱ्या बेसवरच्या रनरला दिसू शकत होत्या. म्हणून जान्सनने अंपायरला सांगून-सवरून, पाय हलवून बॉक केला आणि रनरला तिसऱ्या बेसवर धाडलं. तिथून खुणा दिसत नाहीत. पुढचा बॅटर त्याने स्ट्राइक-आउट केला. चोराला संरक्षण देणाऱ्या कायद्याने चोराचीच दृष्टी काढून घेतली, आणि अंपायरला हेतूबद्दल तसूभरही शंका नव्हती.