वायफायची वहिवाट
सिल्वासा व परिसरातील टेबलावरच्या संगणकांसाठी अधिकृत वाटावी अशी मार्गदर्शिका

प्रस्तावना

ज्यांच्या घरी किंवा कारखान्याच्या कचेरीत टेबलावरचा संगणक आहे, राउटर आहे, महिन्याचे पैसेही भरलेले आहेत आणि तरीही पडद्याच्या कोपऱ्यात काट मारलेली पृथ्वी दिसते, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. तिचा लाभ १९ तारखेपर्यंत घ्यावा. २० तारखेला जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरायचे असते. त्या दिवशी मार्गदर्शिका वाचण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते.

वाट अडल्यावर काय करावे याचा अनुभव सिल्वासाच्या गाठीशी भरपूर आहे. इथून दमणला जायची वाट बंद झाली म्हणून एक खटला थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. म्हणून पुढील कलमांत जिथे तंत्रज्ञान अपुरे पडले, तिथे इतिहासाचा आधार घेतला आहे.

कलम १ : वाट नेमकी कुठे अडली?

वापीहून सिल्वासाला येणारा माणूस आधी गुजरातेत असतो, मग दादऱ्यात, मग लवाछापाशी पुन्हा गुजरातेत आणि शेवटी सिल्वासात. वीसेक किलोमीटरच्या आत तो इतक्या वेळा हद्द ओलांडतो, की कुठे अडवले हे सांगितल्याशिवाय त्याला कोणी मदत करू शकत नाही.

इंटरनेटचेही असेच आहे. बाहेरची तार राउटरपर्यंत येते, ते इंटरनेट. राउटरपासून संगणकापर्यंत हवेतून जे येते, ते वायफाय. घरात दोघांना मिळून ‘नेट’ म्हणतात. मग ‘नेट गेलं’ एवढ्या वाक्यावर कोणाला फोन करायचा हे ठरत नाही.

चाचणी सोपी आहे. मोबाइलचा डेटा बंद करावा, त्याच वायफायला जोडावा आणि एखादे पान उघडावे. उघडले तर दोष संगणकाकडे. कलम २ पासून वाचावे. नाही उघडले तर संगणक निर्दोष आहे. त्याच्या पाठीवर मारलेल्या थापा मागे घेऊन थेट कलम ८ कडे जावे. डेटा बंद करायचा राहिला असेल तर चाचणी रद्द समजावी. बहुतेक घरगुती चाचण्या याच कारणाने रद्द होतात आणि त्यांच्याच निष्कर्षावर पुढची भांडणे चालतात.

कलम २ : यंत्रात वायफाय आहे काय?

हा प्रश्न अपमानास्पद वाटेल, पण विचारणे भाग आहे. लॅपटॉपला वायफाय जन्मजात असते. टेबलावरच्या संगणकाला ते असेलच असे नाही. सेटिंगमध्ये ‘वायफाय’ ही ओळच नसेल, तर एक तर ते यंत्रात मुळातच नाही किंवा संगणकाने त्याला ओळखलेले नाही.

ज्याला सगळे सीपीयू म्हणतात तो डबा पुढे ओढून मागची बाजू पाहावी. तिथे पेचाचे दोन सोनेरी खुंट असतील तर आत वायफायचे कार्ड आहे. त्या खुंटांवर बसवायच्या अँटेना खोक्यात आहेत आणि खोके माळ्यावर आहे. अँटेनाशिवाय त्या कार्डाला शेजारच्या खोलीतला राउटरही धड दिसत नाही.

खुंट नसतील तर डोंगल शोधावा. हा नखाएवढा असतो. दसऱ्याला सीपीयूला झेंडूचा हार घालतात; तो उतरवताना डोंगल निर्माल्यात गेला नाही ना, याची चौकशी करावी. दमणगंगेत विसर्जन झाले असल्यास नवा आणावा.

कलम ३ : जागा

राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणि उघड्यावर असावा असे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात तो केबलवाल्याची तार जिथे संपली तिथे असतो. त्याच्या आणि संगणकाच्या मध्ये लोखंडी कपाट असल्यास दोघांपैकी एक हलवावे. कपाटात दागिने असतात, म्हणून राउटर हलवावा.

वायफाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बरी जाते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंत दिसली की दमते. पहिली पट्टी भारतात २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येते. फुकटच्या जागेवर जी गर्दी होते ती तिथेही झालेली आहे : ब्लूटूथ आहे, बिनतारी माउस आहे आणि आमटी गरम करणारा मायक्रोवेव्हही आहे. दुपारी जेवणाच्या वेळीच नेट रेंगाळत असेल तर संशय स्वयंपाकघरावर घ्यावा, मात्र बोलून दाखवू नये. या पट्टीत एकमेकांच्या पायात न येणारे मार्ग तीनच : १, ६ आणि ११. सोसायटीत सगळ्यांचे राउटर ६ वर बसलेले असल्यास आपण १ किंवा ११ वर जावे.

डोंगल सीपीयूच्या पाठीमागे लावला असेल तर त्याच्यापुढे लोखंडी डबा आणि मागे भिंत, अशी त्याची अवस्था होते. शिवाय यूएसबी ३ चे निळे खाचे स्वतःच २.४ च्या पट्टीत खरखर करतात. म्हणून डोंगल काळ्या खाच्यात लावावा किंवा यूएसबीची हातभर जोडतार घेऊन त्याला टेबलावर आणून बसवावे. एवढ्याने बरे झालेले संगणक पुष्कळ आहेत. त्यांचे मालक ही मार्गदर्शिका पुढे वाचत नाहीत.

कलम ४ : ड्रायव्हर व सर्वाधिकार

डिव्हाइस मॅनेजर उघडावा. वायफायच्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसल्यास ड्रायव्हर रुसलेला आहे. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागते आणि इंटरनेट यायला ड्रायव्हर लागतो. सोबत आलेल्या सीडीवर तो असतो, पण सीडी घालायला संगणकात जागा नसते. हा पेच सोडवण्यासाठी मोबाइल चार्जिंगच्या तारेने संगणकाला जोडून त्यात यूएसबी टेदरिंग सुरू करावे, त्या नेटवर ड्रायव्हर उतरवावा आणि मोबाइल परत करावा.

संगणक मग ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ची परवानगी मागतो. इथे नागरिक घाबरतात. घाबरू नये, सिल्वासाने हे १९६१ मध्ये करून दाखवले आहे. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगिजांच्या राज्यातून मुक्त झाल्यावर सात वर्षे इथला कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. भारतात विलीन व्हायचे ठरले, तेव्हा प्रश्न आला की पंडित नेहरूंच्या समोर बरोबरीने सही करणार कोण? इथले प्रशासक, आयएएस अधिकारी के. जी. बदलानी, यांना एका दिवसासाठी पंतप्रधान करण्यात आले. सही झाली, पद संपले. माउसच्या उजव्या बटणावर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून जे मिळते ते हेच : एका कामापुरता सर्वाधिकार. काम झाल्यावर तो सोडावा. चिरंजीवांच्या खात्याला कायमचा देऊ नये.

जाता जाता त्याच खिडकीत ‘पॉवर मॅनेजमेंट’ पाहावे. वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करायची मुभा संगणकाला दिलेली असते. ती खूण काढावी. दर वीस मिनिटांनी नेट जात असेल, तर ते बहुधा काटकसरीपायी जाते.

कलम ५ : पासवर्ड, पाहुणे व पत्ता

राउटरचा पासवर्ड बदलला, पण संगणकाला कोणी कळवले नाही, असे होते. ‘फर्गेट’ दाबून नेटवर्क विसरायला लावावे आणि नव्याने पासवर्ड घालावा. तो कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असतो, मात्र मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या. ५ गिगाहर्ट्झचे नाव मोबाइलला दिसते आणि संगणकाला दिसत नाही, तर डोंगल जुना आहे, त्याला २.४ वर समाधान मानू द्यावे.

शेजाऱ्यांना पासवर्ड देण्यापूर्वी १७७९ चा तह आठवावा. त्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगिजांना १२,००० रुपये वसुलाची गावे लावून देण्याचे कबूल केले. सिल्वासासह नगर हवेली त्यांच्याकडे गेली ती त्यातून. हेगच्या न्यायालयाने पुढे सांगितले, की पेशव्यांनी दिला तो वसुलाचा हक्क, राज्य नव्हे. पण पाहुण्याने राज्यच केले आणि ते सोडवायला १९५४ उजाडावे लागले. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये ‘गेस्ट’ नावाचे वेगळे नेटवर्क असते. पेशव्यांकडे ती सोय नव्हती, आपल्याकडे आहे.

पासवर्ड बरोबर असूनही नेट नसेल तर संगणकाचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असल्यास राउटरने पत्ता दिलेलाच नाही. घरमालकाची वाट पाहून कंटाळलेल्या भाडेकरूने दारावर स्वतःच पाटी लावावी, तसा संगणकाने तो स्वतःच लावून घेतला आहे. राउटर आणि संगणक दोन्ही बंद करून, आधी राउटर आणि मग संगणक सुरू करावा.

कलम ६ : संगणक कोणत्या सालात आहे?

वायफाय जोडलेले, मोबाइलवर सगळे चालते, पण संगणकावर बँकेचे नि जीएसटीचे पान उघडताना ‘हे ठिकाण सुरक्षित नाही’ अशी तंबी मिळते. अशा वेळी घड्याळ पाहावे. आतल्या पाटीवर सीआर २०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली, की वीज गेल्यावर संगणक कित्येक वर्षे मागे जाऊन उठतो. त्याच्या लेखी बँकेचे आजचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते, म्हणून तो दार लावून घेतो. तारीख दुरुस्त करावी आणि बॅटरी बदलावी. घड्याळाच्या दुकानातही मिळते. संगणक दुरुस्तीतला एवढा स्वस्त विजय दुसरा नाही; घरी मात्र ‘मोठं काम निघालं होतं’ असेच सांगावे.

कलम ७ : ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’

हे वाक्य पाहून भलेभले खचतात : जोडलेले आहे, पण नेट नाही. याचा अर्थ समजण्यासाठी हेगचा निकाल वाचावा.

दमण समुद्राकाठी, दादरा आणि नगर हवेली आत, मध्ये भारत. जुलै १९५४ मध्ये भारताने ही वाट बंद केली. आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक आणि इतर गट आत शिरले, तेव्हा पोर्तुगिजांना दमणहून कुमक आणता आली नाही. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने वाटेच्या हक्कासाठी दावा लावला. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाण्यायेण्याचा हक्क १९५४ मध्ये होता, तोही भारताच्या नियंत्रणाखाली. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना नव्हता. आणि भारताने वाट बंद केली यात कर्तव्यभंग झाला नाही.

फायरवॉल नावाची चीज याहून चांगली कोणी समजावून सांगितलेली नाही. कोणाला सोडायचे, कोणाला अडवायचे याची ती यादी असते. ती फार कडक झाली तर थोडा वेळ बंद करून पाहावे आणि लगेच पुन्हा सुरू करावी. (लवाछाची फायरवॉल अजून चालू आहे. दारूबंदी गुजरातेत आहे, सिल्वासा-दादऱ्यात नाही. पाकीट जाते, बाटली अडते.)

पोर्तुगालच्या हाती मग काय आले? हक्क मान्य, वाट बंद, आणि पलीकडच्या टोकाला राज्यच उरलेले नाही. यालाच ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ म्हणतात. आपल्याकडे ही ओळ दिसली तर राउटरपर्यंतची वाट मोकळी आहे, असे समजून पुढच्या कलमाकडे जावे.

कलम ८ : ग्राहक सेवा

राउटरवर ‘लॉस’ हा लाल दिवा लागला असेल तर बाहेरची फायबर तुटलेली आहे. संगणकावर काहीही करून ती जुळत नाही. गल्लीत जेसीबी दिसतो का, ते पाहावे.

मग फोन लावावा. भाषा निवडताना गडबडू नये. दूरसंचाराच्या हिशेबात सिल्वासा गुजरात परिमंडळात येते, त्यामुळे मराठीचा आकडा ऐकू येईल या आशेवर शेवटपर्यंत थांबू नये. पुढे राज्य विचारतील. २६ जानेवारी २०२० पासून आपण ‘दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव’ या केंद्रशासित प्रदेशात राहतो. हे नाव फोनवर एका दमात सांगता येत नाही आणि अर्जातल्या चौकटीत मावत नाही. दमण आणि सिल्वासा यांची वाट सरकारदरबारी पुन्हा जुळली, याचा आनंद मात्र तेवढ्यात करून घ्यावा.

यानंतर पलीकडून ‘आमच्याकडून ओके दाखवतंय’ असे सांगतील. यावर वाद घालू नये. ‘लॉसचा दिवा लाल आहे’ एवढेच म्हणावे, तक्रार क्रमांक घ्यावा आणि फोन ठेवावा. वर्णनापेक्षा दिव्याला वजन जास्त असते.

कलम ९ : अंतिम उपाय

वरील सर्व कलमे निष्फळ ठरल्यास राउटरपासून संगणकापर्यंत लॅनची तार टाकावी. शंभर मीटरपर्यंत ती सहज चालते. तिला पासवर्ड लागत नाही, मायक्रोवेव्हचे वावडे नाही, कपाटाचा अडथळा नाही. टेबलावरचा संगणक गेली कित्येक वर्षे त्या टेबलावरून हललेला नाही. त्याला बिनतारी करण्याची गरज मुळात कोणाला वाटली, याचा शोध घरातल्या घरात घ्यावा. तार भिंतीवरून जाईल, ती दिसेल आणि त्यावर बोलणी बसतील. ही या उपायाची एकमेव तांत्रिक अडचण आहे.

परिशिष्ट : विनंती अर्जाचा नमुना

चि. पुतण्यास अनेक आशीर्वाद.

तू इंजिनिअरिंगला आहेस, सिव्हिल का असेना. कलम १ ते ८ करून झाली आहेत, असं समज. येत्या रविवारी जेवायला ये. येताना दहा मीटर लॅनची तार, दोन्ही टोकांना पिना लावलेली, आणि पांढऱ्या क्लिपा आण. हातोडी इथे आहे. काकूपाशी आत्ताच काही बोलू नकोस, भिंतीला नुकताच रंग दिलाय. तिला मी सांगितलंय, की तू परीक्षेचा फॉर्म भरायला येतोयस.

तुझा,
काका