आ कर पाहू!

आमच्या चिरंजिवांचं तोंड सकाळी सहाला उघडतं, ते रात्री झोप लागल्यावरच मिटतं. प्रश्न, तक्रारी, दुसरीच्या वर्गातल्या मारामाऱ्यांचं धावतं वर्णन, सगळं अखंड चालू. पण "घसा दुखतोय" म्हणाला म्हणून आम्ही "आ कर पाहू" म्हटलं आणि ते तोंड असं गच्च मिटलं, की बँकेचा लॉकर परवडला.

जुलैची संध्याकाळ, बाहेर पाऊस. मी मोबाइलचा टॉर्च, बायकोने चमचा आणि आईने चष्मा घेऊन त्याला खिडकीपाशी घेरलं. झटापटीत मला दिसलं ते इतकंच : पडलेल्या दोन दातांची खिंडारं, एक किडकी दाढ आणि दुपारच्या पोळीचा अवशेष. घसा त्याच्या मागे कुठेतरी असावा. तरी निदानं तीन झाली. आई म्हणाली, "पडजीभ वाढलीय." बायको म्हणाली, "टॉन्सिल सुजलेत." मी मोबाइलवर वाचलेलं एक लांबलचक नाव उच्चारलं आणि निम्म्यातच अडखळलो.

कारणाबाबत मात्र एकमत होतं : रविवारच्या वाढदिवसातलं आइस्क्रीम. त्या वाढदिवसाला आलेल्या पोरांपैकी निम्मी शिंकत होती, पण आरोपी म्हणून आइस्क्रीम सोयीचं. ते उलट बोलत नाही.

मग आईने आलं, गवती चहा, लवंग, मिरी आणि अडुळशाची पानं घालून काढा चढवला. त्याच्या वासावर शेजारच्या काकू ज्येष्ठमधाची कांडी घेऊन हजर झाल्या. चिरंजिवांनी काढ्याचा एक घोट घेतला, क्षणभर विचार केला आणि तो माझ्या पांढऱ्या शर्टावर परत केला. मी गुपचूप फ्रीजच्या दारातून, सॉसच्या मागून, मागच्या वर्षीची अँटिबायोटिकची बाटली काढली. तळाला गुलाबी साका बसला होता. "अर्धी उरलीय, वाया कशाला घालवायची?" असं मी म्हणणार, तेवढ्यात बायकोने नुसतं बघितलं. बाटली खिशात गेली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी "आ कर" म्हटलंच नाही. "सिंह डरकाळी कशी फोडतो रे?" एवढंच विचारलं. पोराने जबडा फाडला, बाईंनी टॉर्च मारला, तीन सेकंदांत काम तमाम. मग मानेतल्या गाठी चाचपल्या, ताप पाहिला आणि म्हणाल्या, "नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय. विषाणूचा प्रताप दिसतोय. चार-पाच दिवसांत जाईल."

"आपोआप?" मी घाबरून विचारलं. "एखादं स्ट्राँग अँटिबायोटिक..." आणि पुरावा म्हणून खिशातली बाटली टेबलावर ठेवली.

बाईंनी ती दोन बोटांनी लांब सरकवली. "हे पाणी घालून कालवलेलं औषध एक-दोन आठवड्यांत बाद होतं. शिवाय अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. शाळकरी मुलांच्या दहा दुखऱ्या घशांपैकी साधारण सात-आठांना त्याची गरजच नसते. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू असला तर गोष्ट वेगळी. तेव्हा एकदम ताप चढतो, गिळताना जीव जातो, मानेत दुखऱ्या गाठी येतात, सर्दी-खोकला मात्र बहुधा नसतो. शंका आली की घशाचा स्वॅब तपासायचा. त्यात हा जिवाणू निघाला तर पेनिसिलिनच्या जातीचं औषध पूर्ण 10 दिवस द्यायचं. तिसऱ्या दिवशी पोरगं उड्या मारायला लागलं म्हणून थांबवायचं नाही. अर्धवट सोडलं तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात."

मी बाटली परत खिशात घातली. या वेळी लपवायला.

"माझी डोकेदुखीची अॅस्पिरिन अर्धी देऊ का?" आईने विचारलं. "मुलांना अॅस्पिरिन अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबाने. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या. मध चालेल, पण वर्षाच्या आतल्या बाळाला कधीच नाही. आणि पाणीही गिळता येईना, लाळ गळायला लागली, श्वासाला त्रास झाला किंवा तोंड उघडेना, तर रात्र-बिरात्र न बघता हॉस्पिटल गाठा."

"तोंड तर आत्ताही उघडत नाही," मी म्हणालो.

"आइस्क्रीमला उघडतं का, बघा. गारव्याने घसा जरा बधिर होतो. टॉन्सिल काढल्यावर तर आम्हीच खायला सांगतो."

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजवर फिर्यादी असलेल्या बाईला आरोपीचा सत्कार पाहावा लागत होता. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "हल्लीचे डॉक्टर!" बाईंचं म्हणणं आमच्या तिघांच्या कानांत गेलं होतं, गळी मात्र कुणाच्याच उतरलं नव्हतं. पोराचा घसा परवडला, त्यातून निदान पाणी तरी जात होतं.

दुसऱ्या संध्याकाळी मी व्हॅनिलाचा कप आणला. चमचा पुढे येताच चिरंजिवांनी न सांगता एवढा मोठा आ केला, की लाल टॉन्सिल, मधोमध लोंबणारी पडजीभ, सगळा मुलूख नजरेत भरला. टॉर्च तेव्हा कपाटात होता.

चौथ्या दिवशी घसा बरा झाला आणि श्रेयाची वाटणी सुरू झाली. बायकोने ते गुळण्यांना दिलं, काकूंनी ज्येष्ठमधाला. मध्ये नुसतेच गेलेले चार दिवस कुणी जमेस धरेना. आई म्हणाली, "काहीही म्हणा, गुण आला तो माझ्या काढ्याचाच."

मी मोरीत शर्ट घासत होतो. डाग काही निघेना.