तोंडीलावण्याचं अर्थशास्त्र

उसाला भाव का मिळत नाही, याचं उत्तर अखेर सापडलं आहे: मोनोप्सनी. परिसंवादातले तज्ज्ञ हा शब्द उच्चारतात आणि मग दम लागल्यासारखे पाणी पितात. विकणारा एकच असेल तर मोनोपॉली, घेणारा एकच असेल तर मोनोप्सनी. ‘मोनोस’ म्हणजे एकटा, ‘पोलेइन’ म्हणजे विकणं. इथवर ठीक.

गंमत ‘ओप्सॉन’मध्ये आहे. ग्रीक माणूस भाकरीबरोबर जे खायचा ते ओप्सॉन, थोडक्यात तोंडीलावणं. अथेन्समध्ये हा मान पुढे मासळीने पटकावला. आजच्या ग्रीकमधलं माशाचं नाव ‘प्सारी’, तेही त्यातूनच आलेलं. ‘ओप्सोनेइन’ म्हणजे कालवणाचं सामान विकत घेणं. म्हणजे 1933 साली केंब्रिजमध्ये घडवलेल्या या भारदस्त शब्दाचा अर्थ काय, तर कालवण आणायला निघालेला एकटा गृहस्थ. हातात पिशवी.

आता या गृहस्थाकडे बघा. बाजारात दुसरं गिऱ्हाईक नाही. तो बांगड्याचे कल्ले उघडून बघतो, नाक मुरडतो, चहा पिऊन येतो, पुन्हा कल्ले बघतो. त्याला घाई नाही, घाई बांगड्याला आहे. तोडलेल्या उसाचंही तेच. उन्हात वजन घटतं, साखर उतरते, आणि झोनबंदीच्या काळात तर शेजारच्या कारखान्याला ऊस घालायचीही सोय नव्हती. त्या शेतकऱ्याला तुम्ही अथेन्सचा मासा दाखवता? त्याच्याकडे ‘झोनबंदी’ होती, ‘भाव पाडला’ होतं, ‘काटामारी’ होती. ग्रीक माशाला काटे किती ते ग्रीक जाणोत. आमच्याकडे काटा एकच असतो आणि तो मारतात! भाव पाडला म्हटलं की कुणी पाडला हे विचारावं लागतं, काटा मारला म्हटलं की मारणाऱ्याचा हात दिसतो. मोनोप्सनी मात्र नुसती ‘असते’, ढगाळ हवामान असतं तशी. तिच्यावर गुन्हा दाखल होत नाही, तिला घेराव घालता येत नाही, तिच्यावर फक्त शोधनिबंध वाचता येतो. नेमकं हेच सगळ्यांना हवं आहे.

रोमनांनी मोनोपॉलीचं लॅटिन ‘मोनोपोलियम’ केलं. पण भर सभेत तो शब्द काढण्याआधी, परका शब्द वापरतोय म्हणून क्षमा मागितल्याची नोंद आहे. आमच्याकडे क्षमा नाही, मानधन असतं.

पुढच्या परिसंवादात ते मानधन ठरवायला एकच गिऱ्हाईक बोलवा. त्याला तज्ज्ञांचे शोधनिबंध उलटसुलट करून बघू द्या, चहाला जाऊ द्या. दुपारपर्यंत सौदा झाला नाही, तर संध्याकाळचा भाव वेगळा.