आवतण घ्या, जेवणाचं मेलवर कळवू

आंजी (मोठी) हे वर्धा-आर्वी रस्त्यावरचं गाव. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा इवलासा कोपरा तिथे माझ्या मामेभावाच्या ओसरीवर थाटलेला होता. माझा भाचा, त्याचा लॅपटॉप, चार्जरची वायर, आणि वायरीवर पाय पडू नये म्हणून वर ठेवलेली पाटी. अंगणात बैलांचे खांदे शेकणं चाललं होतं. पळसाच्या पानाने तूप-हळद चोळायची आणि बैलाला सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर जू जिथे घासतं तिथे वर्षातून एकदा तरी हात फिरवावा, एवढीच रीत.

तेवढ्यात भाच्याला मेल आला. चालू तिमाहीपासून आठवड्याला तीनऐवजी पाच दिवस ऑफिसात यायचं, हजेरी कमी भरली तर व्हेरिएबल पगार कापला जाईल. ऑगस्ट संपत आला होता. म्हणजे अर्धी तिमाही होऊन गेलेली.

मामेभाऊ तुपाचा हात पुसत म्हणाला, "मंग जे दिवस गेले ते कसे भरशीन?"

भाच्याने हाच प्रश्न कंपनीला विचारला. उत्तर आलं : आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.

आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. रोख किती, गहू-ज्वारी किती, सगळं तोंडी. सालगड्याचं जिणं सोन्याचं आहे असं मी म्हणणार नाही; उचल घेतलेला गडी मालकाच्या दाराला कसा बांधला जातो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण पाडव्याला ठरलेलं नागपंचमीला बदलणाऱ्या मालकाची गावभर बदनामी होते आणि पुढच्या पाडव्याला त्याच्याकडे गडी फिरकत नाही. सॉफ्टवेअरच्या सालगड्याकडे वीस पानांचा करार असतो, त्यावर सही असते, आणि विसाव्या पानावर लिहिलेलं असतं की आधीची एकोणीस पानं कंपनी केव्हाही बदलू शकते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने काय केलं आठवतं? साडेसहा लाखांचं पत्र देऊन महिनोन्‌महिने ताटकळत ठेवलेल्या नव्या पोरांना विचारलं, साडेतीन लाखांत येता का? आवतण पुरणपोळीचं, पानात भाकरी, आणि वर 'निर्णय तुमचा' ही नम्रता. टीसीएसने २०२४ मध्ये व्हेरिएबल पगार हजेरीला बांधला : ८५ टक्क्यांच्या वर असाल तर पूर्ण, ६० च्या खाली शून्य. आता दारावरचं यंत्र कार्ड मोजतं, डोकं मोजत नाही. मग लोकही तेच करतात. हिंजवडीच्या गर्दीतून दीड तास रखडत पोचायचं, कार्ड लावायचं, कॉफी प्यायची आणि परत फिरायचं. माणसं लबाड होती म्हणून नियम आला की नियम आला म्हणून माणसं लबाड झाली, हा प्रश्न कोणत्याही एचआरच्या सर्व्हेत नसतो.

सगळ्यात मला बोचली ती बेंचची, म्हणजे कामाविना बसून राहण्याची, गोष्ट. जून २०२५ पासून टीसीएसचा नियम असा की वर्षात निदान २२५ दिवस तुमच्या कामाचं बिल गिऱ्हाइकावर फाटलं पाहिजे. रिकामे दिवस जास्तीत जास्त ३५. शिवाय आपल्याला काम मिळतंय की नाही हे बघायची पहिली जबाबदारी कर्मचाऱ्याची. मी हे मामेभावाला समजावून सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "झड लागली, डवरा बंद, तं बैलाचं कुटार बंद करतेत काय? अन् वावर बैलानं पाहाचं?" हा नियम आल्यापासून दीड महिन्यातच टीसीएसने मनुष्यबळाच्या दोन टक्के, म्हणजे सुमारे बारा हजार लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाचं दार ठोठावलं.

आठवड्याला सत्तर तास काम की नव्वद तास, यावर सगळ्यांचं लिहून झालं आहे. काम जास्त झालं की माणूस दमतो. झोपला की उठतो. पण उद्याचा नियम आज ठाऊक नसला की तो नुसता खाली मान घालून चालायला लागतो. भाचा आधी कोडमधली चूक दिसली की रात्री फोन करून सांगायचा. आता सांगत नाही. त्याच्या टीममध्ये दहांपैकी एकाला दरवर्षी 'अपेक्षेपेक्षा कमी' ठरवावंच लागतं, दहाही जण वाघ असले तरी. जोडीतला एक बैल दरसाल नापास करायचा, असं ठरल्यावर दुसऱ्याने त्याच्या वाट्याचं जू का ओढावं? मायक्रोसॉफ्टने हे खूळ २०१३ मध्येच सोडून दिलं. आपल्याकडे मात्र तिकडचा टाकलेला कोट अजून इस्त्री करून वापरतात.

बरं, सरकार? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात दिवसाचे नऊ तास होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याचे दहा करायला मंजुरी दिली. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकाचा कायदा होण्याची शेवटची वेळ १९७० सालची, त्यामुळे कंपन्यांनी झोप उडवून घेण्याचं कारण नाही. सुळे यांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. वर्ध्याने २०२४ मध्ये त्याच चिन्हाचा खासदार निवडून दिला. आमच्याकडे मात्र तुतारी म्हणजे बैलाला टोचायची काठी, टोकाला आरी असलेली, हे पक्षाला कोणी कळवलं होतं की नाही कोण जाणे.

आणि फोन न उचलण्याचा हा हक्क याच जिल्ह्यात एका माणसाने कुठलंही विधेयक न मांडता घेतला होता. सेवाग्रामच्या आश्रमात व्हाइसरॉयने टेलिफोन बसवून दिला, तरी गांधीजींचा सोमवार मौनाचाच. भाच्याने असं एकदा करून पाहिलं. संध्याकाळी सातनंतर स्टेटस 'ऑफलाइन'. वार्षिक मूल्यमापनात शेरा आला : आपलेपणा कमी आहे.

"मग सोड की," मी म्हणालो. सोडायचं तर नव्वद दिवसांची नोटीस. नवी कंपनी म्हणते तीस दिवसांत ये. कंपनीला मात्र त्याला काढायचं झालं तर एका दुपारी बोलावून भागतं.

दुसऱ्या दिवशी पोळा दणक्यात झाला. तोरण तुटलं, झुली घातलेल्या जोड्या दारोदार फिरल्या, गड्यांना बोजारा मिळाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा. शनिवार होता, पण भाचा ओसरीवर मीटिंगमध्येच होता. विषय : कर्मचाऱ्यांचं मनोबल. पडद्यावर कोणीतरी 'फन फ्रायडे'च्या टी-शर्टचा रंग ठरवत होतं. लाकडी बैलाला घुंगरं बांधायचं काम तिथेही जोरात होतं.

शेजारचं पोरगं चाकांचा बैल ओढत आलं आणि हात पुढे केला. भाच्याने माइक बंद करून दहा रुपये काढले.

"मांगच्या साली वीस देल्ले व्हते."

"यंदापासून पॉलिसी बदलली," भाचा म्हणाला.

पोराने नोटेकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, बैलाची दोरी फिरवली आणि नव्वद दिवसांची नोटीस न देता शेजारच्या घरी निघून गेलं.