फिकटपंथी

आमच्या सोसायटीत कुणाकडे रंगकाम निघालं, की पेंटरच्या आधी फिकटपंथी हजर होतो. त्याला बोलावण्याची पद्धत नाही. लिफ्टमध्ये पुट्टीची गोणी दिसली, जिन्यावर पॉलिशपेपरची पांढरी भुकटी उतरली, की संध्याकाळी बेल वाजते. दार उघडेस्तोवर त्याच्या चपला पायातून निघालेल्या असतात. "बेडरूमला काय लावताय?"

हॉलशी, किचनशी त्याला देणंघेणं नाही. त्याचा मतदारसंघ म्हणजे भर दुपारी बाराला दिवा लावावा लागतो ती आतली बेडरूम. आणि पुण्यापासून डोंबिवलीपर्यंत अशी बेडरूम घरटी एक सापडतेच. एकीकडे डक्ट, दुसरीकडे शेजारच्या इमारतीची भिंत. तीही इतकी जवळ, की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजाव्यात आणि गॅस त्यांनी बंद करावा.

फिकटपंथी बहुधा निवृत्त असतो. बँक, पाटबंधारे, विमा, कुठलंही खातं चालतं. टिप्पणी लिहायची सवय असली म्हणजे झालं. जुने भटजी काखोटीला पंचांग मारून निघायचे तसा हा शेडकार्ड मारून निघतो, आणि तेही तो लगेच उघडत नाही. आधी दिशा विचारतो.

"खिडकी कुठे उघडते?"

"उत्तरेला."

"वाटलंच मला," असं म्हणून तो पलंगाच्या कडेवर बसतो. आता तास गेला.

त्याचं म्हणणं खोटं नसतं, हीच खरी पंचाईत. भिंत उजेड तयार करत नाही, आलेला परत पाठवते, हे तो पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, आणि ते बरोबर आहे. किती परत पाठवते त्याचा आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. ठार काळ्याला 0, आदर्श पांढऱ्याला 100. बऱ्याच कंपन्या तो शेडच्या पाठीमागे किंवा पत्रकात छापतात, आणि आमच्या इमारतीत तो वाचणारा हा एकटाच. "समजा वहिनी, 80ची भिंत घेतली. उजेड एकदा आपटला, 80 उरले. समोरच्या भिंतीवर पुन्हा आपटला, 64. आता तुमचा हा आवडता मोरपंखी धरू या 50." मोरपंखी 50च्या जवळपासही नसतो, पण तो उदार मनाने देतो. "एकदा आपटला, 50. दुसऱ्यांदा, 25. कुठे 64 आणि कुठे 25!" वहिनींनी मोरपंखीचं नावसुद्धा काढलेलं नसतं. त्यांच्या अंगावरच्या गाऊनवरून त्याने अंदाज बांधलेला असतो.

एवढ्यावर तो उठला असता तर लोकांनी त्याला चहा पाजून दुवा दिला असता. पण इथून पंथातले पोटभेद सुरू होतात. कारण घरमालक सरळपणे म्हणतो, "मग पांढराच लावून टाकू की." फिकटपंथी कानांवर हात ठेवतो. पांढऱ्याला पांढरं दिसायला भरपूर उजेड लागतो. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, आभाळाचा उजेड येतो. तो निळसर आणि तोही चार मजल्यांवरून गाळत गाळत. अशा खोलीत शुभ्र पांढरा राखाडी पडतो आणि कोपरे मळकट दिसायला लागतात. म्हणून पांढऱ्यात थेंबभर पिवळा हवा, किंवा थेंबभर तांबूस. साय, मोतिया, बदामी, हस्तिदंती. हेही बरोबर! पण थेंबभर म्हणजे किती थेंब, यावर त्याचं अख्खं निवृत्तीवेतन चाललेलं आहे.

शेडकार्ड उघडलं, की सामान्य माणसाला एका पानावर एकच रंग चौदा वेळा छापलेला दिसतो. याला चौदा दिसतात. "हा हिरव्याकडे झुकतोय. हा गुलाबीकडे. याच्यात काळा स्टेनर आहे, म्हणून हा मेल्यासारखा." आपण डोळे बारीक करून बघतो, मग चष्मा पुसून बघतो, शेवटी हो म्हणतो. त्याशिवाय पान उलटत नाही. त्यातून पीचचा विषय निघाला, तर तो पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाला मध्ये घेतो. एकोणिसाव्या शतकातल्या या गृहस्थांच्या लक्षात आलं होतं, की तिन्हीसांजेला तांबडी फुलं आधी काळवंडतात आणि निळी मागे राहतात. फिकटपंथीचा निष्कर्ष : अंधाऱ्या खोलीत पीच घातक. वास्तविक तो परिणाम जाणवायला खोली इतकी अंधारी हवी, की पीच आणि पेंटर दोन्ही दिसेनासे व्हावेत. पण हे त्याला सांगायला तो थांबतो कुठे?

हा माणूस असा का झाला, याचा मी थोडा विचार केला आहे. त्याच्या लहानपणी रंग निवडण्याचा प्रश्नच नव्हता. चाळीत किंवा वाड्यात दसऱ्याच्या आधी चुना भिजायचा. तो पांढरा दिसावा म्हणून त्यात नीळ, हौस असेल तर पिवडी. चुना हाताला लागू नये म्हणून डिंक किंवा सरस. झालं रंगकाम. वाड्यातलं माजघर आजच्या कुठल्याही बेडरूमपेक्षा अंधारं, बाळंतिणीची खोली तर मुद्दाम अंधारी. पण तिला उजळ करावं असं कुणाच्या मनात आलं नाही. पुढे डिस्टेंपर आला आणि सबंध मजला एकाच फिक्या हिरव्यात न्हाऊन निघाला, कारण ठेकेदाराकडे तेवढाच होता. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्ससाठी काढलेला तो गट्टू, कपाळावर बटा, हातात ब्रश आणि डबा, त्याच्या डब्यात कुठली शेड आहे असं त्या पिढीने कधी विचारलं नाही. आयुष्यभर ज्याला कुणी रंग विचारला नाही, त्याच्यासमोर साठीनंतर दुकानदाराने मशीन मांडलं आणि म्हणाला, "सांगा काका, कुठलीपण शेड काढून देतो." माणूस वाहवणारच.

त्याच्या स्वतःच्या घरी जायचा योग येतो तो वर्गणीच्या निमित्ताने. बेडरूमचा दरवाजा तो मुद्दाम उघडा ठेवतो. खिडकीशेजारच्या भिंतीवर हातभर लांबीचे फिके पट्टे, एकाखाली एक. प्रत्येकाच्या बाजूला पेन्सिलीने नाव, तारीख आणि बघण्याची वेळ. 'स. 8', 'दु. 1', 'सायं. 5'. येणाऱ्या प्रत्येकाने मत द्यायचं. पोस्टमनने दिलं आहे, गॅस सिलिंडरवाल्याने दोनदा दिलं आहे. पट्टे जुन्या हिरव्यावर मारलेले असल्याने सगळेच किंचित गुलाबी दिसतात. हे का होतं तेही तो स्वतःच समजावून सांगतो. गोब्लँच्या रंगशाळेचा प्रमुख शेव्ह्रल याने 1839 साली त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला : रंग बदलत नाही, शेजारचा रंग त्याला बदलून दाखवतो. म्हणून नमुना कागदावर रंगवून, कडेला पांढरी जागा सोडून, भिंतीभिंतीवर फिरवून बघावा, असा सल्ला तो सगळ्यांना देतो. मग तुम्ही भिंतीवरच का मारलेत, असं मी एकदा विचारलं. "तुलनेसाठी," तो म्हणाला.

काकूंना विचाराल तर त्यांचा निर्णय कधीच झालेला आहे. त्या लक्ष्मी रोडवर पातळं घेत मोठ्या झाल्या. दुकानात कितीही दिवे असोत, पसंत पडलेलं पातळ हातावर टाकून त्या पायऱ्यांपर्यंत येणार, उन्हात धरणार, पदर उलटा करून बघणार, परत आत जाऊन ट्यूबखाली बघणार आणि मगच "बांधा" म्हणणार. शेडकार्डही त्यांनी तसंच बघितलं. खिडकीपाशी एकदा, रात्री दिव्याखाली एकदा. एका सायीच्या रंगावर बोट ठेवलं.

"हा."

"अगं, याचा उत्तरेच्या उजेडात विचार केलास का?"

"अहो, त्या खोलीत आपण जातो रात्री साडेदहाला. तेव्हा कुठली उत्तर आणि कुठला उजेड? तो पांढराफटक दिवा तेवढा बदला."

या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं होतं. आपल्याकडे बेडरूमलाही सर्रास 6500 केल्विनचा पांढरा दिवा लावतात, त्याखाली मोतिया मेणासारखा दिसतो आणि माणसं आजारी. 3000च्या आसपासचा पिवळसर दिवा लावला, तर तीच भिंत उबदार वाटते. डझनभर शेड पालथ्या घालण्यापेक्षा तो बदल स्वस्तात पडतो. पण दिव्याच्या खोक्यावर एकच आकडा असतो आणि एका आकड्याने फिकटपंथीचं भागत नाही.

शिवाय, खोली अंधारी झाली कशी, हे तो कुणालाच विचारत नाही. स्वतःला तर नाहीच. बिल्डरने दिली तेव्हा तिला बाल्कनी होती. ती आत घेतली, स्लायडिंग बसवलं, त्यावर उन्हाची म्हणून काळी फिल्म चिकटवली. बाहेर बॉक्स ग्रिल. ग्रिलमध्ये कोरफड, तुळस, सायकलचा पंप आणि मुलाच्या जुन्या कुंड्या. आतून पडदा, पडद्याला अस्तर. खिडकीची डावी बाजू सहा फुटी कपाटाने अडवलेली, कारण दुसऱ्या भिंतीवर वास्तुवाल्याने आरसा सांगितला आहे. एवढ्यातून जो काही उजेड चिकाटीने आत पोचतो, त्याचे 80 टक्के परत मिळावेत म्हणून हा गृहस्थ रात्ररात्र जागतो. कोरफडीची कुंडी मात्र हलवायची नाही. ती काकूंच्या सांधेदुखीसाठी आहे.

पेंटरमामा त्याला मनापासून घाबरतात. एरवी त्यांचं लक्ष डब्यातल्या टोकनाकडे असतं आणि त्यात काही गैर नाही. 10 बाय 11ची खोली, 9 फूट उंची, दारं-खिडक्या वजा जाता सव्वातीनशे चौरस फूट भिंत. चांगलं इमल्शन दोन हातांना लीटरमागे सव्वाशे फूट जातं. म्हणजे पावणेतीन लीटरच्या आत खेळ आटोपतो. चार लीटरचा डबा, दोन-तीन दिवसांची रोजी. पण फिकटपंथीकडे पहिला हात मारल्या मारल्या काम थांबतं.

"मामा, हा जास्त पांढरा दिसतोय."

"ओला आहे साहेब. वाळला की उतरतो."

वाळल्यावर : "मामा, आता गडद दिसतोय."

"वाळला ना साहेब."

"कार्डावर एवढा नव्हता."

"कार्डावर दोन बोटं आहे. इथं चार भिंती आहेत. एकमेकींचा रंग खातात त्या." मामांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही, पण त्यात चूक काढायला जागा नाही. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर उजेड टाकतात तेव्हा सोबत आपला रंगही टाकतात, म्हणून खोलीत तोच रंग कार्डापेक्षा भडक भासतो. जाणकार म्हणूनच एक पायरी फिका घ्यायला सांगतात. फिकटपंथीने दोन पायऱ्या घेतलेला असतो आणि तरी त्याला शंका असते. मामा रोलर बादलीत ठेवून गॅलरीत तंबाखू मळायला जातात. आमच्या भागात त्याच्या घराचा दर आता चौरस फुटाने ठरत नाही; मामा दिवसाच्या हजेरीवर येतात, आणि अर्धे पैसे आधी.

अखेर गेल्या दिवाळीआधी, तो पेन्शनरांच्या सहलीला गेलेला असताना, काकूंनी सायीचा रंग मारून घेतला. पट्टे गेले. दिवा बदलला. खोली खरंच छान दिसत होती, आम्ही सगळे बघून आलो. परत आल्यावर तोही दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. "बरा आहे," म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच.

हे समाधान शेजारच्या सोसायटीने टिकू दिलं नाही. त्यांची इमारत रंगायला निघाली आणि फिकटपंथीच्या खिडकीसमोरची, इतकी वर्षं मळक्या पांढऱ्या रंगाची भिंत चार दिवसांत विटकरी झाली. खिडकीतून येणारा उजेड आधी तिच्यावर आपटूनच येत असल्याने काकूंची साय सकाळी नऊपासून गाजराच्या हलव्याकडे झुकायला लागली. या वेळी आम्हालाही दिसलं. चष्मा पुसावा लागला नाही.

त्याने रीतसर पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, एलआरव्हीचा तक्ता, दोन प्रतींत. आपली भिंत ही आमच्या बेडरूमच्या प्रकाशाचा प्रमुख स्रोत असल्याने तिचा रंग ठरवताना आम्हाला विश्वासात घेणं उचित ठरलं असतं. तिकडचे सेक्रेटरीही निवृत्तच, तेही बहुधा पाटबंधाऱ्यातलेच. त्यांचं उत्तर आठवड्यात आलं : आपल्या खिडकीसमोरील भाग आपल्या खर्चाने, आपल्या पसंतीच्या फिक्या रंगात रंगवून घेण्यास कमिटीची हरकत नाही. परांचीचा खर्च वेगळा. शेड आधी दाखवून मंजूर करून घ्यावी.

काकूंनी पत्र वाचून डोक्याला हात लावला. तो मात्र त्या दिवसापासून दहा वर्षांनी लहान दिसतो. सकाळीच टेप घेऊन गच्चीवर जातो, समोरच्या भिंतीची उंची डोळ्यांनी मोजतो, आणि काल लिफ्टमध्ये भेटला तेव्हा काखोटीला नवं शेडकार्ड होतं. एक्स्टिरियरचं.