मालवणची गाळप क्षमता किती?

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्याची गाळप क्षमता किती, हे आमच्याकडे शाळकरी पोरसुद्धा सांगेल. आधी उसाची नोंद, मग तोडीचा कार्यक्रम, मग टोळी. गव्हाणीत मावतील त्याहून जास्त गाड्या आल्या, की ऊस अड्ड्यावर वाळतो, वजन घटतं, उतारा पडतो. फटका शेतकऱ्याला. म्हणून आमच्याकडे आकडा आधी आणि कोयता नंतर.

घाटाखाली उलटं चाललंय. तिथे कोयता आधी.

सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला 1997 साली. तेव्हापासून त्या किनाऱ्याची जाहिरात झाली, विमानतळ झाला, पाण्याखाली माणसं उतरायला लागली. पण मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात मे महिन्यात एका दिवशी किती माणसं, किती गाड्या, किती बोटी झेपतील, हा आकडा कुणी लोकांपुढे मांडून पाळलेला नाही. तो ठरल्याशिवाय नियोजन हा शब्द वापरू नये, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आम्ही घाटावरचे लोक या गर्दीतले आहोत. निपाणीकडून येणारी वाहनं मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरीला लागतात, दाजीपूरचं जंगल ओलांडून फोंडा घाट उतरतात, कणकवलीवरून मालवण गाठतात. सलग सुट्ट्या आल्या की या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. परतीला त्याच गाड्यांतल्या बाटल्या घाटाच्या कठड्याबाहेर पडतात आणि माकडं त्यातलं चाटत बसतात. तेव्हा हा विषय कोकणचा, आपलं काय, असं म्हणायची सोय आम्हाला नाही.

देवबाग नीट बघा. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. तिथली जमीन वाळूची. वाळूतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. घरातली चार माणसं रहाटाने पाणी काढतात तोवर ते तरंगतं. त्याच विहिरीवर पंप बसवून दहा खोल्यांचे शॉवर चालवले, की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. त्याच वाळूत शोषखड्डाही असतो, त्याच खोल्यांचा. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर कोसळणाऱ्या कोकणात पाण्याची ओढ लागते ती एप्रिल-मेमध्ये, आणि आपल्या शाळांना सुट्ट्याही तेव्हाच. विहिरीचा तळ दिसायला लागला की पर्यटक येतो. जाहिरात करणाऱ्याने हे एकदा विहिरीत डोकावून बघितलं असतं, तर जोर मेऐवजी नोव्हेंबर ते फेब्रुवारीवर दिला असता.

वाळूवर तर जागेचीच ओढाताण. रापण ओढायची तर दोन्ही दोरांना माणसांच्या रांगा लागतात आणि किनाऱ्याचा लांब पट्टा मोकळा लागतो. तिथेच जलक्रीडेच्या बोटी, तंबू, खुर्च्या. पर्ससीनने आणि एलईडीच्या मासेमारीने रापणकराचा मासा आधीच पळवलाय, आता वाळूही जाते आहे. त्याच रापणकराचा मुलगा स्कूबाच्या बोटीवर काम करतो, हेही खरं. म्हणून त्याला पर्यटनाचा विरोधक ठरवू नका. त्याला विचारा.

न विचारता केलेल्या नियोजनाचं काय होतं, हे मालवणने पाहिलं आहे. 13 एप्रिल 1987 ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं. त्याच्या गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी येतं. मच्छीमारांना वाटलं, आपलं पाणी काढून घेतलं, आणि त्यांनी विरोध केला. तोंडवळी-वायंगणीचा सी वर्ल्ड प्रकल्प जमिनीच्या विरोधात अडकला आणि वर्षानुवर्षं कागदावर राहिला. एक होतं संरक्षण, दुसरी होती करमणूक. दोन्हीकडे चूक एकच: गावाला निर्णय ऐकवला गेला, विचारला गेला नाही.

घाईचं काय होतं, तेही पाहिलं. राजकोटचा शिवपुतळा 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. ज्या राजाने 1664 ते 1667 अशी तीन वर्षं घालून समोरच्या कुरटे बेटावर किल्ला बांधला आणि जो आजही लाटा खातो आहे, त्याच्या नावाने हे व्हावं, याचा संताप अजून जात नाही. चिपी विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला, तीन वर्षांनी मुंबईचं विमान थांबलं. 24 मे 2022 ला स्कूबा करून परतणारी बोट तारकर्लीला उलटली, दोन पर्यटक गेले. आता निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त युद्धनौका आयएनएस गुलदार बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. कल्पना चांगली आहे, जहाजावर प्रवाळ धरेल, मासा येईल. पण दिवसाला पाणबुडे किती, बोटी किती, नांगर कुठे टाकायचा, हे जहाज बुडवायच्या आधी जाहीर करा. प्रवाळावर पाय देऊन फोटो काढणारी माणसं किल्ल्याच्या पाठीमागच्या उथळ पाण्यात आजही दिसतात.

आता नावाचं बघू, कारण ब्रँड ब्रँड फार ऐकू येतं. नावाची किंमत कोल्हापूरकराला शिकवायला नको. जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने आपल्यासारखी चप्पल चालवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा इथला कारागीर पेटून उठला. त्या चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन होतं म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आलं, आणि प्राडाला मूळ भारतातलं हे मान्य करावं लागलं. किनाऱ्यावर हे काम देवगडच्या आंबा उत्पादकांनी केलं आहे. परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत घालून विकला जायचा. 2025 च्या हंगामात तिथल्या सहकारी संस्थेने एकेका फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर आणलं, आणि बागायतदाराला स्टिकरं किती, तर त्याची जेवढी झाडं त्या मानाने. देवगड या नावाला त्यांनी आकड्याचं कुंपण घातलं. झाडापेक्षा जास्त आंबा नाही. मला ब्रँडिंगची याहून सरळ व्याख्या माहीत नाही. तारकर्लीच्या नावालाही असंच कुंपण हवं: विहिरीपेक्षा जास्त खाटा नाहीत.

हे जमणारच नाही, असं म्हणणाऱ्यांनी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जावं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये तिथे कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली, 2006 पासून कासव महोत्सव आहे. सकाळी घरट्यावरची टोपली उचलतात. खाली पिल्लं असली तर ती वाळूवर सोडतात, दोराच्या अलीकडे माणसं, पलीकडे पिल्लं. हॉटेल नाही. गावकऱ्यांच्या पडवीत झोपायचं, घरात शिजेल ते पानावर घ्यायचं, पैसा त्याच घरात. ज्या गावात अंडी उकरून खाल्ली जायची, तिथे आता अंड्यांची राखण होते. वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. कुठलं झाड मुळांनी श्वास घेतं, कुठलं पानातून मीठ बाहेर टाकतं, हे त्या सांगतात, आणि त्यांच्याएवढं नेमकं सांगणारा गाइड मी पंचतारांकित ठिकाणी ऐकलेला नाही. त्याच वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा डेपोचं प्रेक्षणीय स्थळ केलं. तेव्हा जमत नाही हे खोटं. करायचं नाही, एवढंच खरं.

आकडा लावण्याची सवयही आपल्याला नवी नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली, ऑनलाइन नोंदणी केली, व्यवस्था भोवतालच्या गावांच्या समित्यांकडे दिली. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही, तरी माथेरान ओस पडलेलं नाही. निलगिरीत मद्रास उच्च न्यायालयाने 7 मे 2024 पासून ई-पास लावला, पुढच्या वर्षी उन्हाळ्यात कामाच्या दिवशी 6,000 आणि शनिवार-रविवारी 8,000 वाहनांची मर्यादा घातली. तिथे दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेतात, रिकामी बाटली आणून दिली की परत देतात. फोंडा घाटाच्या वर आणि खाली अशी दोन केंद्रं उघडायला कुठल्या परदेशी सल्लागाराची गरज आहे? पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात करा. दाजीपूरचं अभयारण्य 2012 पासून जागतिक वारशात आहे, त्याच्या उंबऱ्यावर एवढं तरी व्हायला हवं, आणि त्यासाठी पहिला आग्रह कोल्हापूर जिल्ह्याने धरायचा आहे, सिंधुदुर्गाने नाही.

निलगिरीला आकडा न्यायालयाने ठरवून दिला, कारण सरकारने ठरवला नाही. आपल्याकडे ती वेळ येऊ देऊ नका. देवबाग आणि तारकर्लीच्या ग्रामसभा बोलवा, रापणकर, बोटवाले, निवास-न्याहारीवाले आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका यांना एका जागी बसवा, भूजल खात्याकडून विहिरींची मोजणी घ्या, आणि खाटा, बोटी, गाड्या असे तीन आकडे काढून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यावर सही करावी. पुढचा मे लागायच्या आत.