आदर्श घरमालकाचे गुणवर्णन

घरमालक म्हटला की तो लोभी, निष्ठुर आणि कज्जेदलालीत मुरलेला असावयाचाच, असा जो प्रवाद लोकांत दृढमूल झालेला आहे, तो खोडून काढण्याचे श्रेय अखेर आमच्या शिरूर कासार तालुक्यातील ऊसतोड मजुरांच्या घरमालकास, म्हणजे साखर कारखान्यास, द्यावे लागेल. हा मालक भाडे मागत नाही, अनामत घेत नाही, अकरा महिन्यांच्या कराराचा आग्रह धरीत नाही, आणि कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यावर, बेदखलीचा दावा लावण्याची तसदीही त्याला कधी घ्यावी लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची आगाऊ उचल अंगावर घेतलेली सिंदफणाकाठची बिऱ्हाडे ट्रकांत नि ट्रॉल्यांत बसून कारखान्यावर पोहोचली, की हा दानशूर गृहस्थ त्यांना एखादे मोकळे रान दाखवून देतो. पुढची वास्तू उभारणे मजुराकडे. कामट्या वाकवून रोवाव्यात, त्यांवर पाचट किंवा ताडपत्री ओढावी, तीन दगडांची चूल मांडावी आणि कमरेत वाकून आत शिरावे, की कोपी सिद्ध झाली. नवराबायको, लेकरे, पत्र्याची पेटी आणि पिठाचा डबा एवढे सामावल्यावर आत उभे राहण्यास जागा उरत नाही हे खरे. परंतु दिवसभर फडात राबणाऱ्यास घरी येऊन पुन्हा उभे राहण्याची हौस असतेच कशाला?

भाडेकरूविषयी कायद्याला कळवळा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. हैदराबाद राज्याने, ज्यात तेव्हा मराठवाडा होता, 1954 साली भाडे, निष्कासन व पट्ट्याचा कायदा केला. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याने 31 मार्च 2000 पासून घेतली. वाजवी भाडे देण्यास जो तयार आहे त्यास बाहेर काढू नये, असे हा अधिनियम बजावतो. येथे भाडेच नसल्यामुळे तो प्रश्न मिटला. पाणी किंवा वीज अकारण तोडू नये, असेही तो म्हणतो. पण जे कधी जोडलेच नाही ते तोडल्याचा आरोप कोणावर ठेवावा? करार लेखी असावा आणि त्याच्या नोंदणीची जबाबदारी मालकाची, हेही त्यात आहे. परंतु मजुराचा लेखी दस्त काही असलाच तर तो उचलीचा, आणि त्यात छपराविषयी अक्षर नसते. मग उन्हाच्या झळा लागताना कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप हंगाम संपतो, नोटीस न बजावता, पंचनामा न करता सारा तळ आपल्या हातांनी आपली घरे मोडतो, आणि निष्कासनाच्या इतिहासात इतके शांततामय प्रकरण दुसरे सापडू नये.

संसदेनेही औदार्यात कसूर केली नाही. परराज्यात नेलेल्या मजुरांना कंत्राटदाराने योग्य निवारा द्यावा, असे तिने 1979 साली ठरविले. त्यामुळे बेळगावकडे उतरलेला कोयता निवाऱ्याचा हक्कदार ठरला, आणि कोल्हापुरातच थांबलेल्या त्याच्या सख्ख्या भावाला स्वराज्यात राहिल्याचे समाधान तेवढे मिळाले.

आईबाप उसाला गेल्यावर शाळेसाठी मागे राहिलेले पोर आजोबांबरोबर तालुक्याच्या गावी खोली विचारू लागले, म्हणजे प्रश्नोत्तरे अशी होतात :

"आईबाप काय करतात?"

"उसाला गेलेत."

"आडनाव काय म्हणालात?"

आजोबा आडनाव सांगतात.

"अहो, खोली कालच दिली बघा."

पाटी मात्र आणखी महिनाभर दारावर लटकत राहते. यात भाडे कायद्याचा भंग काडीमात्र नाही. आत घेतलेल्या माणसास बाहेर कसे काढावे, याविषयी त्यात कलमांमागून कलमे आहेत. ज्याला उंबऱ्याच्या आत घेतलेच नाही त्याच्याविषयी चकार शब्द नाही. साहजिकच आपली सारी घरमालकी नीती नोटिशीच्या मुदतीपाशी सुरू होते, आणि अन्याय त्याच्या कितीतरी आधी उरकून घेतलेला असतो.

म्हणून सरकारदरबारी आमची एक नम्र दरखास्त आहे. कारखान्याने प्रत्येक कोपीमागे हंगामाला एक रुपया भाडे सक्तीने वसूल करावे आणि त्याची रीतसर पावती द्यावी. मजूर तो रुपया आनंदाने देईल, कारण त्या पावतीवर तो निदान भाडेकरू असल्याचा दावा तरी सांगू शकेल, आणि मग नळ, दिवा, संडास यांची मागणी करण्यास त्याला तोंड फुटेल. विरोध होईल तो कारखान्याकडूनच, आणि त्या विरोधाचा मसुदाही आम्हांस आताच दिसतो आहे : "गोरगरिबांकडून भाडे घेणे आमच्या सहकारी तत्त्वांत बसत नाही."